दोन इंच

कामाच्या फळीवर गोल्फच्या सात काठ्या होत्या: एक लाकडी डोक्याची, पाच लोखंडी आणि चेंडू भोकात ढकलायचा एक पटर. शेजारी पोलादी नळीचे सात तुकडे. त्यातले पाच बरोबर पाच सेंटिमीटरचे, एक साडेचारचा, आणि एक तिरका कापला गेल्यामुळे एका अंगानं पाच, दुसऱ्या अंगानं साडेपाच. करवतीची दोन पाती, पैकी एक तुटलेलं. मुठींवरून सोलून काढलेल्या जुन्या कातड्याच्या सात वळकट्या. फळीखाली, सिमेंटवर, चमचाभर लोखंडाचा कीस.

ग्लेनिस टुलॉकनं हे सगळं खिशातल्या टेपनं दोनदा मोजलं. कुराबिन गावच्या सायलोवर, गव्हाच्या कोठारावर, एकोणीस सुगी तिनं हेच काम केलं होतं. ट्रक आला की त्यात पोकळ भाला खुपसायचा, नमुना काढायचा, ओलावा मोजायचा, आकडा सांगायचा. समोरचा शेतकरी कितीही आदळआपट करो, आकडा हाती येईपर्यंत ती तोंड उघडत नसे. आत्ताही तिनं उघडलं नाही.

"काय, बोलती बंद झाली ना?" डेस शेडच्या दारात चिंधीला हात पुसत उभा होता. तोंडावर हसू मावत नव्हतं. "तू काल बहिणीकडे गेलीस आणि मी लागलो कामाला. सकाळी सातपासून. दोन पाती लागली. केव फोन करून विचारत होता, मेलास का म्हणून."

"हे काय आहे, डेस?"

"काय म्हणजे? तुझ्या काठ्या! मला काय कळत नाही होय, तू मागच्या रानात जाऊन टोलवत असतेस ते? माझी जुनी सात नंबरची काठी दर दोन दिवसांनी ओली होऊन परत येतेय. म्हटलं, बायकोला गोल्फ खेळायचंय तर खेळू दे. माझा जुना संच नाहीतरी पडूनच आहे. कापून दिला. आता मुठींवर नवी पट्टी गुंडाळली की झालं."

"कापलास का?"

"बायकांच्या दोन इंच कापतात."

"मी तुझ्यापेक्षा उंच आहे."

"ते आहेच गं." डेस अजून हसतच होता. "पण बायकांच्या काठ्या आखूडच असतात."

"कुणापेक्षा आखूड?"

"नवऱ्याच्या काठ्यांपेक्षा," डेस म्हणाला. हे सांगावं लागतंय याचंच त्याला नवल वाटलं होतं.

ग्लेनिसची उंची एकशे ऐंशी सेंटिमीटर. डेसची एकशे एकोणसत्तर. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं डेसला चर्चच्या पायरीवर चढवलं होतं आणि तिला खाली गवतात उभं केलं होतं. गेली चोवीस वर्षं तो फोटो दिवाणखान्यात होता. गावात त्यांच्या उंचीवरून होणारे विनोद तिला पाठ होते. एकूण पाच होते, आणि त्यांत भर पडत नव्हती.

तिनं सात नंबर उचलला. तिच्या हाताला सवय होती ती हीच काठी. डोकं जमिनीला टेकवायचं म्हणून ती कमरेत वाकली. पूर्वी तेवढ्यानं भागायचं. आता गुडघेही मोडावे लागले. ती तशीच, खुर्चीत बसता बसता थांबल्यासारखी, क्षणभर उभी राहिली.

"बघ, कशी छान बसली हाताला!" डेस म्हणाला.

तिनं काठी फळीवर ठेवली. ती आपटली नाही म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

दोन महिने ती ठरवत होती, काठ्या विकत घ्यायच्या की नाही. मेरेडिनच्या दुकानात फोन करून तिनं विचारून ठेवलं होतं. सात काठ्यांचा अर्धा संच शिकाऊ माणसाला पुरतो, असं तिथल्या माणसानं सांगितलं होतं. घेऊ नये याची कारणं तिच्याकडे भरपूर होती. वय सत्तेचाळीस. डावा गुडघा कुरकुरणारा. क्लबात बायकांना खेळायला फक्त बुधवार. आणि गाव. गावात कुणी शिकायच्या आधी नवी वस्तू घेतली की लोक भुवया उंचावत. घ्यावं याचं कारण एकच होतं. पाच आठवड्यांत, डेसच्या जुन्या सात नंबरनं, गहू कापून नेलेल्या रानात तिनं चारशे बारा फटके मारले होते. सायलोवरच्या जुन्या नमुनापत्रांच्या पाठीवर तिनं एकेक नोंदवला होता. त्यातले दोनशे शहाऐंशी चेंडूच्या टाळूला लागले होते. काठी चेंडूच्या वरूनच जात होती. कारणं दोनच असू शकत होती: एक तर ती चुकत होती, किंवा काठी आखूड होती. ते कळायचं तर लांब काठी हातात हवी होती.

आणि डेसनं ती कापली होती.

"चल, आवर," तो म्हणाला. "दहाला क्लबावर श्रमदान आहे. तुझे सँडविच झालेत ना?"

सँडविच झाले होते. कसे नसतील?

*

पुढच्या शनिवारी मोसम उघडणार होता, म्हणून सगळं गाव राबायला जमलं होतं. पुरुष भोकांभोवतीच्या सपाट जागांवर, वाळूच्या ग्रीनवर, जुनं इंजिन ऑइल ओतून दाताळ्यांनी पसरत होते, वाऱ्यानं वाळू उडू नये म्हणून. बायका क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत चहाचा बंब तापवत होत्या. ग्लेनिसनं आपले अंड्याचे सँडविच ओल्या फडक्याखाली ठेवले आणि ती बाहेर आली, तर डेसनं कापलेल्या काठ्या गाडीतून काढून बाकावर मांडल्या होत्या. भोवती पाचसहा जण गोळा झाले होते.

"सुबक काम झालंय," कुणी तरी म्हणालं.

"ही तिरकी गेलीय, डेस."

"पट्टीखाली झाकून जाईल ती."

केव दाताळं टेकवून उभा होता. डेसचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं ग्लेनिसकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग काठ्यांकडे पाहिलं. "डेस, लेका, तुझी मेहनत फुकट गेली. काठ्या कशाला कापल्यास? हिचे पायच दोन इंच कापायचे होतेस!"

सगळे खदाखदा हसले. ग्लेनिस डेसकडे पाहत होती. तो हसणार नाही, असं तिला एक क्षण वाटलं होतं. डेस हसला. डोळे मिटून, मान मागे टाकून, अगदी मनापासून हसला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"केव," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. सायलोवर आकडा सांगायचा तोच आवाज होता. "मी तुझ्या गव्हाचा ओलावा मोजते, तेव्हा तू टोपी हातात धरून उभा असतोस. तेव्हा नाही सुचत विनोद?"

"अगं, गंमत केली..."

"मग थांबलास का? कर की परत. मी उभी आहे."

हसणं विरलं. केवनं दाताळ्याच्या दांड्यावरून बोट फिरवलं. कुणी तरी म्हणालं, ऑइल सुकायच्या आत पसरायला हवं. जो तो कामाला लागला.

"ग्लेन," डेस दबक्या आवाजात म्हणाला, "चारचौघांत काय हे?"

"चारचौघांत काठ्या कुणी मांडल्या?"

म्युरिअल तिला दंडाला धरून आत घेऊन गेली. म्युरिअल बायकांची कप्तान. पासष्ट वर्षांची, ठेंगणी. बंबाची तोटी गाठायला तिला लाकडी खोका लागायचा. तिनं ग्लेनिसच्या हातात चहाचा कप कोंबला.

"बस. पी. बायकांना असं तापून चालत नाही."

"त्यानं न विचारता कापल्या, म्युरिअल."

"मग? सगळ्यांच्याच कापतात. माझ्या नवऱ्याच्या, हॅरॉल्डच्या, कापलेल्या काठ्यांनी मी अकरा वर्षं खेळले. अकरा! दोन चषक जिंकले, तेव्हा कुठे स्वतःच्या घेतल्या."

"पाठ दुखायची?"

"दुखायची की. कुणाची दुखत नाही?" म्युरिअलनं बिस्किटाचा डबा उघडला आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का, तू दुकानात फोन केलास ते कळलंय सगळ्यांना. तिथल्या माणसाची मावशी इथलीच. बायका बोलतायत. चेंडू लागायचा पत्ता नाही आणि नव्या काठ्या घेऊन मिरवणार म्हणे. आधी खेळून दाखव, मग घे."

"तुझी उंची किती, म्युरिअल?"

"त्याचा काय संबंध?"

"सगळा संबंध त्याचाच आहे."

म्युरिअलनं तोंड वाकडं केलं. "तू हुशार आहेस गं. पण लोकांना हुशारी आवडत नाही असं नाही, हुशारी दाखवलेली आवडत नाही."

चहा कडू झाला होता. ग्लेनिसनं कप ठेवला आणि ती दारापाशी आली. तिथे फळ्यावर शनिवारच्या सामन्याची यादी लावली होती. मोसमाचा पहिला शनिवार नवरा-बायकोच्या जोड्यांचा असे. जोडीला एकच चेंडू. एक फटका बायकोचा, पुढचा नवऱ्याचा, चेंडू असेल तिथून. वर्षात तेवढाच एक शनिवार बायकांच्या वाट्याला येई. यादीत सातव्या ओळीवर डेसच्या अक्षरात लिहिलं होतं: डी. टुलॉक आणि मिसेस डी. टुलॉक.

तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या ओळीत तिचं नावही नव्हतं.

खुंटीला पेन्सिल बांधलेली होती. तिनं 'मिसेस डी.' खोडलं आणि वर 'ग्लेनिस' लिहिलं. इतकं दाबून, की पेन्सिलीचं टोक मोडलं.

*

दोघं घरी आली. स्वयंपाकघरात डेसनं टोपी टेबलावर टाकली.

"मी माझा शनिवार घालवला तुझ्यासाठी."

"तू माझ्या काठ्या घालवल्यास."

"त्या माझ्या होत्या!"

"हो," ग्लेनिस म्हणाली. "तेच म्हणतेय मी."

डेस वाईट माणूस नव्हता. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि आज त्याचाच जास्त संताप येत होता. वाईट असता तर सोपं झालं असतं. तो रस्त्यावरची खडी सपाट करणारं यंत्र चालवायचा, दिवसभर धूळ खायचा, आणि सुटीच्या दिवशी तिच्यासाठी करवत घेऊन बसला होता. त्यानं सात वेळा कापलं. सातांपैकी एकदाही त्याच्या मनात आलं नाही, की बायकोला हाक मारावी आणि काठी तिच्या शेजारी उभी करून बघावी.

"गुरुवारी मी मेरेडिनला जातेय," ती म्हणाली.

"काठ्या घ्यायला?"

"बघायला. जमल्या तर घ्यायला."

"अगं, तू शिकाऊ आहेस! शिकाऊ माणसाला काय फरक पडतो दोन इंचांनी? आधी सहा महिने या वापर. जमलं तर घे ना नव्या, मी काय नाही म्हणतोय?"

"शिकाऊलाच फरक पडतो. ज्याला येतं तो कसल्याही काठीनं निभावून नेईल." ती टेबलाला टेकून उभी राहिली. "नीट ऐक, डेस. ह्या कापलेल्या काठ्यांनी माझा चेंडू चुकला, तर मला कधीच कळणार नाही मी चुकले की काठी चुकली. सहा महिन्यांनी नाही, सहा वर्षांनी नाही. म्युरिअलला अकरा वर्षं कळलं नाही. तिला वाटतं पाठ दुखणं हा खेळाचा भाग आहे."

"आणि नव्या काठ्यांनी पहिल्याच दिवशी चुकला तर? सगळ्या गावासमोर? लोक काय हसतील, कल्पना आहे? मला नाही चालायचं ते."

"तुला?"

"म्हणजे... आपल्याला."

"आज हसलास की तू. चाललं की तुला."

डेस खाली बघायला लागला. मग पुटपुटला, "केवचा विनोद होता गं तो. हसू आलं."

"मला दिसलं ते."

*

मेरेडिन शंभर किलोमीटर. गुरुवारी सकाळी ती एकटीच निघाली. दोन्हीकडे कापलेली रानं, मधूनच मिठाच्या पांढऱ्या चट्ट्यांची जमीन. वाटेत ती तीनदा परत फिरायच्या बेतात आली. म्युरिअल आठवली की रागानं पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जायचा, आणि डेसनं खाली घातलेली मान आठवली की सैल व्हायचा.

दुकानातल्या तरुण माणसानं मान वर न करता विचारलं, "साहेबांसाठी का?"

"माझ्यासाठी. शिकाऊ आहे."

"बायकांचे संच त्या कोपऱ्यात." मग त्यानं मान वर केली, आणि मान अजून थोडी वर केली. "थांबा. ते तुम्हाला नाही चालायचे. आखूड पडतील."

ग्लेनिसला ऐकू आलं ते खरं आहे की नाही अशी शंका आली. "काय म्हणालात?"

"आखूड पडतील म्हटलं. पुरुषांच्या नेहमीच्या काठ्याही पडतील कदाचित. हात खाली सोडून उभ्या राहा बरं." त्यानं टेप घेतली, गुडघ्यावर बसला आणि तिच्या मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. एका कागदावर आकडा लिहिला, उठला, मागच्या खोलीत गेला. बराच वेळ कुठले तरी खोके सरकवल्याचा आवाज येत राहिला. तो परत आला तो एक संच घेऊन. रेल्वेतल्या कुणा उंच माणसानं मागवलेला आणि बदली झाल्यामुळे कधीच न नेलेला.

तिनं सात नंबर उचलला. पाय रोवले. काठीचं डोकं जमिनीला टेकलं, आणि तिची पाठ सरळच होती. गुडघे सरळ होते. खांदे आपोआप खाली आले. तिला एकदम रडू येईलसं वाटलं. नळीच्या एका तुकड्यापायी रडू यावं याचाही तिला राग आला.

"आवडल्या नाहीत का?" त्या माणसानं चाचरत विचारलं.

"गाडीत ठेवा," ती म्हणाली.

*

शनिवारी वारा पडला होता. क्लबासमोर शंभरेक माणसं जमली होती, मुलंबाळं, कुत्री, घडीच्या खुर्च्या. पहिला फटका मारायच्या चौथऱ्याभोवती पुरुषांचं कडं होतं. सहा जोड्या पुढे गेल्या. सहाही बायका वाकून खेळल्या. म्युरिअलच्या फटक्यावर टाळ्या पडल्या.

"सात नंबर जोडी," अध्यक्षांनी कागदावरून वाचलं आणि क्षणभर अडखळले. "डेस टुलॉक... आणि ग्लेनिस टुलॉक."

नव्या पिशवीतून तिनं काठी काढली तेव्हा उन्हात ती इतकी लखलखली, की मागच्या रांगेतल्या कुत्र्यानंही मान वळवली असावी. कुजबुज झाली. कुणाचं तरी "अगं बाई" तिला स्पष्ट ऐकू आलं.

डेस तिच्याजवळ आला. दोन्ही रात्री तो या काठ्यांबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. फक्त शुक्रवारी संध्याकाळी तिची पिशवी ओसरीतून उचलून त्यानं घरात आणून ठेवली होती. आता तो ओठ न हलवता म्हणाला, "लाकडीनं नको मारूस. लोखंडीनंच मार. हळू मार. पुढे जाऊ दे फक्त."

"बाजूला हो, डेस."

तो बाजूला झाला.

तिनं पाय रोवले. पलीकडे केव हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या डोक्यावर टोपी होती. म्युरिअल कॅनव्हासच्या खुर्चीत, पाठीमागे उशी घेऊन बसली होती. शंभर माणसं गप्प झाली, आणि त्या शांततेत ती कशाची वाट पाहतायत हे ग्लेनिसला चांगलं कळत होतं. एकदा वाटलं, परत कापलेल्याच घ्याव्यात. त्यांनी चुकलं तर कुणी काही म्हणणार नव्हतं. सगळे म्हणाले असते, शिकतेय बिचारी.

बिचारी हा शब्द मनात येताच तिच्या दाढा आवळल्या गेल्या.

काठी मागे गेली. पाठ ताठ होती, गुडघे मोडले नव्हते. काठी खाली आली.

खट्ट असा कोरडा आवाज झाला. चेंडू उडाला नाही. चौथऱ्यावरून घरंगळला, समोरच्या खडीवर दोनदा टणकला, आणि वाळक्या गवताच्या एका झुबक्याशी जाऊन थांबला.

कुणी हसलं नाही. मागे केवला खोकला आला, आणि तो त्यानं मुठीत दाबला. डेसचा चेहरा लाल झाला होता.

काठी मापाची होती; चुकली होती ती ग्लेनिस, आणि ते आता तिला कळलं होतं. तिनं काठीचं डोकं फडक्यानं पुसलं. ती पिशवीत ठेवली. पिशवी खांद्याला लावली.

"आता तुझी पाळी," ती डेसला म्हणाली. "चेंडू असेल तिथून."

मग ती चालू लागली. मान खाली न घालता, घाई न करता, सायलोच्या आवारात दोन कोठारांमधलं अंतर मापताना चालायची तशी एकसारखी. डेस दोन पावलं मागे होता. तिचं एक पाऊल चौऱ्याऐंशी सेंटिमीटरचं पडे.

चेंडूपाशी सोळा पावलं झाली. तेरा मीटर चव्वेचाळीस.